सर्व्हर, नॅस की क्लाउड? आधी सीसीटीव्ही बाजूला काढा

पत्र

नमस्कार. आमचा कुपवाड एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. शॉप फ्लोअर माझे मिस्टर आणि दीर पाहतात, ऑफिस आणि अकाउंट्स माझ्याकडे. सोळा कॉम्प्युटर आहेत. टॅली, ड्रॉइंग्ज, सीएनसीचे प्रोग्रॅम, स्कॅन केलेली बिलं, सगळं स्टोअरमधल्या एका जुन्या टॉवर कॉम्प्युटरवर आहे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही त्यातच जातं. मिळून जवळजवळ ९ टेराबाइट. डिझाइनची मुलं म्हणतात, ६०० एमबीची असेंब्ली उघडायला मिनिट लागतं. बॅकअप म्हणजे शनिवारी मी टॅली पेनड्राइव्हवर घेते, आठवण राहिली तर. इंटरनेट ५० एमबीपीएसचं आहे.

तीन कोटेशन्स आली आहेत. पहिलं सर्व्हरचं, रेड कार्ड (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधणारं) आणि चार एसएसडी (चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्क) यांच्यासह साडेचार लाख. ते म्हणतात, रेड असल्यावर वेगळ्या बॅकअपची गरज नाही. दुसरं चार डिस्कच्या नॅसचं (नेटवर्कला जोडून फाइली ठेवायचं खोकं), दोन लाखांच्या आत. तिसरं सगळं क्लाउडवर, महिना बावीस हजार. मिस्टरांना सर्व्हर हवा, कारण दोनेक वर्षांत ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचा विचार आहे. दिरांना क्लाउड हवा, कारण २०१९ च्या पुरात सांगलीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. मी म्हटलं, एक हार्ड डिस्क माझ्या माहेरी विट्याला ठेवू, तर सगळे हसले. तिन्हींत चांगलं कोणतं?

– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, नमस्कार.

पत्रासोबतची तिन्ही कोटेशन्स पाहिली. तिघांनीही ९ टेराबाइट हा आकडा धरून माल लावला आहे. त्या ९ टेराबाइटमध्ये आहे काय, हे एकानंही विचारलेलं दिसत नाही. तुम्ही फोल्डरांची यादी जोडलीत ते फार बरं झालं. साडेसहा टेराबाइट नुसतं सीसीटीव्ही. ड्रॉइंग्ज आणि सीएनसी प्रोग्रॅम १.८ टेराबाइट. बिलांचे स्कॅन, तपासणीचे रिपोर्ट, जुने मेल असं ४०० जीबीच्या आसपास. आणि ज्याच्यासाठी एवढा जीव खालीवर होतो त्या टॅलीचा डेटा? तिन्ही कंपन्या धरून ६ जीबी. पेनड्राइव्हवर मावतो तो त्यामुळेच.

म्हणजे जपायचा माल सव्वादोन टेराबाइट. बाकी सगळं गेटवर कोण आलं, कोण गेलं. ते महिनाभर ठेवलं तरी पुष्कळ झालं, आणि उद्या गेलं तरी कारखाना बंद पडत नाही. कॅमेऱ्यांना स्वतंत्र एनव्हीआर (फक्त कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं खोकं) घ्या, त्यात सर्व्हेलन्ससाठी बनवलेली डिस्क टाका आणि तीस दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जाईल अशी सेटिंग करून घ्या. (तो एनव्हीआर रिसेप्शनच्या टेबलावर ठेवू नका. चोर आधी तोच उचलतो.)

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बाहेर गेलं की टॉवरलाही श्वास घेता येईल. ७,२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते. हवी ती जागा गाठायला हेड सरकवण्याचा वेळ धरला, तर अशा विखुरलेल्या जागांवरच्या फार तर शंभरेक नोंदी ती सेकंदाला वाचू-लिहू शकते. गेटवरचा कॅमेरा रात्रंदिवस तिच्यावर लिहितोय, त्याच वेळी तुमचा अकाउंटंट स्टॉकचा रिपोर्ट काढतोय. टॅली हळू चालतं याचं कारण बरंचसं हेच असणार.

डिझाइनच्या मुलांची तक्रार मात्र डिस्कची नसावी अशी मला दाट शंका आहे. ६०० एमबीला एक मिनिट, म्हणजे सेकंदाला १० ते ११ एमबी. हा आकडा ओळखीचा आहे: १०० एमबीपीएसच्या नेटवर्कमधून प्रत्यक्षात एवढंच जातं. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन लिंक स्पीड पाहा. तिथे १०००च्या जागी १०० दिसलं की चोर सापडला. एकतर डिझाइनच्या खोलीतला नेटवर्कचा स्विच (सगळ्या वायरी जोडायचं खोकं) जुना आहे, नाहीतर वायर खराब आहे. लॅनच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० एमबीपीएस दोन जोड्यांवर चालतं. एखादी जोडी उंदरानं कुरतडली किंवा कनेक्टर नीट क्रिम्प झाला नाही, तर नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप १००वर येतं आणि वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. साडेचार लाखांचा सर्व्हर त्याच वायरीच्या टोकाला लावला असता, तरी असेंब्लीला मिनिटच लागलं असतं. गिगाबिट नीट झालं की तीच फाइल सहाएक सेकंदांत यावी. काही हजारांत होणारं काम आहे, आणि खरेदीच्या आधी करायचं आहे.

यातच एसएसडीचाही निकाल लागतो. गिगाबिटमधून सेकंदाला ११० एमबीच्या पुढे फारसं काही जात नाही. साधी हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना दीडशेच्या वर देते, साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. मोठ्या ड्रॉइंग्जसाठी चार एसएसडी लावल्या तर त्यांचा बहुतेक वेग वायरीच्या तोंडाशी अडकून राहणार. लहान लहान नोंदींसाठी एसएसडीचा फायदा खरा आहे, आणि तो तुमच्याकडे फक्त टॅलीला हवा आहे. ६ जीबीला.

आता मिस्टरांचा सर्व्हर. सर्व्हर महाग का असतो? दोन पॉवर सप्लाय, चालू मशिनमध्ये बदलता येणारे भाग, कंपनीचा माणूस चार तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दारात येण्याचा करार. पैसे मोजायचे ते न थांबण्याचे. म्हणून घरात बसून एक प्रश्न ठरवा: टॅली बंद पडलं तर किती वेळ चालेल? आणि किती वेळाचं काम पुन्हा टाइप करायची तयारी आहे? तुमच्या कारखान्याचं पाहिलं तर डिस्पॅचचं ई-वे बिल पोर्टलवर थेट भरूनही निघतं. मशिनवर चालू असलेला प्रोग्रॅम कंट्रोलरच्या मेमरीत असतो. डिझाइन एक दिवस अडलं तर चिडचिड होईल, ऑर्डर जाणार नाही. माझा अंदाज, एक कामाचा दिवस थांबणं तुम्हाला परवडतं. आठवड्याभराची व्हाउचर्स पुन्हा टाकणं परवडत नाही. ज्याला दिवसभर थांबता येतं त्यानं न थांबण्यासाठी साडेचार लाख का मोजावेत? बँकेचं किंवा हॉस्पिटलचं उत्तर वेगळं आलं असतं.

ईआरपीसाठी आजच सर्व्हर घेऊन ठेवायचा, हे तर अजिबात नको. कोणता ईआरपी घ्याल, तो क्लाउडवरच चालणारा असेल की तुमच्याकडे, त्याला कोणता डेटाबेस आणि किती मेमरी लागेल, हे ईआरपी देणारी कंपनीच सांगेल. तोवर आज घेतलेल्या सर्व्हरची वॉरंटी निम्मी सरलेली असेल. शिवाय पहिल्या कोटेशनमध्ये विंडोज सर्व्हरचं लायसन्स धरलेलंच नाही. ते नंतर ‘अहो, ते तर लागतंच’ म्हणून येतं.

रेड असल्यावर बॅकअप नको, हे वाक्य ज्यानं तुम्हाला सांगितलं त्याच्याकडून मी माउसही घेतला नसता. रेडची कल्पना १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी शोधनिबंधातून मांडली: महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या अनेक डिस्क एकत्र बांधायच्या, आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती शाबूत राहील अशी थोडी जास्तीची नोंद ठेवायची. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तेच तेच लिहितात. रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा त्या जास्तीच्या नोंदीत जाते, म्हणून ४ टेराबाइटच्या चार डिस्क लावल्या की १२ टेराबाइट हाताशी येतात. रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी जागा जाते, ८ उरतात. दोन डिस्क गेल्या तरी चालतं. बस, एवढंच. रेड म्हणजे गाडीतली स्टेपनी. पंक्चर झालं तर गाडी पुढे जाते. गाडीच चोरीला गेली तर डिकीतली स्टेपनीही तिच्याबरोबर जाते.

डिझाइनच्या एखाद्या मुलानं चुकून फोल्डर डिलीट केला, तर रेड तो सगळ्या डिस्कवरून इमानदारीनं डिलीट करतं. रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं, फाइली कुलूपबंद केल्या, तर कुलूप लागलेल्या फाइलींची रेड उत्तम काळजी घेतं. वीज कडाडली, आग लागली, रेड कार्डच बिघडलं, यांतल्या कशातही स्टेपनी कामाची नाही.

आणि डिस्क एकेकट्याच जातात, हेही गृहीत धरू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील, फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे. ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी एकाच सर्व्हरमध्ये बसवलेल्या चार डिस्क असतील तर चौघी एकदमच जायच्या. मग रेड ५ काय आणि ६ काय. फर्मवेअरची दुरुस्ती निघाली, पण धडा एवढाच की एका लॉटच्या डिस्क एका खोक्यात घालताना हात आखडता घ्यावा.

दुसरी अडचण पुनर्बांधणीची. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी घातली की रेड ती पुन्हा भरायला लागतं. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं भरली तरी जवळपास पंधरा तास, आणि कारखाना चालू असताना एवढा वेग मिळत नाही. तेवढा वेळ उरलेल्या जुन्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून मोठ्या डिस्कचं रेड ५ मला पटत नाही.

तर माझं मत नॅसच्या बाजूनं आहे, पण दिलेल्या कोटेशनमधलं नॅस जसंच्या तसं नको. नॅस म्हणजे तरी काय, नेटवर्कला लावायचं आणि फाइली सांभाळण्याखेरीज दुसरं काही न करणारं छोटं खोकं. चार खणांचंच घ्या, पण आज त्यात ८ टेराबाइटच्या दोनच डिस्क घाला, रेड १ करून. ८ टेराबाइट हाताशी येतील, तुमच्या आजच्या गरजेच्या तिपटीहून जास्त. उरलेले दोन खण पुढच्यासाठी. डिस्क नॅससाठी बनवलेल्याच हव्यात आणि कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा, नुसतं ‘नॅस ग्रेड’ नको. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ (Red, म्हणजे लाल; वरचं RAID नव्हे) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे नोंदींच्या ओळी एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या, निघाल्या होत्या. तसं ग्राहकाला सांगितलेलं नव्हतं, आणि नॅसमध्ये पुनर्बांधणीच्या वेळी त्या रडायच्या. गलका झाल्यावर कंपनीनं सीएमआर (ओळी शेजारी शेजारी लिहिणाऱ्या) डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. मॉडेल नंबर हातात असला की डिस्क सीएमआर आहे की एसएमआर हे दोन मिनिटांत पाहता येतं.

टॅलीचा चालू डेटा मी नॅसवर ठेवणार नाही. एक बरा ऑफिसचा कॉम्प्युटर, त्यात एसएसडी, वायरनं जोडलेला, यूपीएसवर. टॅली त्यावर, आणि तिथून रोज संध्याकाळी बॅकअप नॅसवर. आणि टॅलीचा चालू फोल्डर गूगल ड्राइव्हसारख्या सिंकमध्ये टाकायची युक्ती कुणी सुचवली तर हात जोडा. टॅली लिहीत असताना सिंक अर्धवट फाइल उचलतं, आणि डेटा कुठे फाटला ते वर्षअखेरीला ताळेबंद लावताना कळतं.

नॅस आता आहे त्या स्टोअरमध्ये नको. शॉपला लागून असलेल्या खोलीत कूलंटचा धूर आणि लोखंडाची बारीक धूळ येतेच. कॉम्प्रेसरची थरथर असेल तर तीही डिस्कला मानवत नाही. पहिल्या मजल्यावर तुमच्या ऑफिसात, तुमच्या नजरेसमोर ठेवा. नजरेसमोर असं मुद्दाम म्हणतोय. एका कारखान्यात मी नॅसवर केशरी दिवा लागलेला पाहिला आणि विचारलं कधीपासून आहे. स्टोअरकीपर म्हणाला, आधी ते कोकलत होतं, मग कुणीतरी बटण दाबून बंद केलं, आता शांत आहे. दोनपैकी एक डिस्क मेली होती आणि सगळा कारखाना उरलेल्या एकीवर चालला होता. नॅसमध्ये ईमेलनं इशारा पाठवायची सोय असते. बसवायला येणाऱ्याला ती चालू करायला लावा आणि तो जायच्या आत एक डिस्क बाहेर ओढून मेल तुमच्या मोबाइलवर येतो का ते पाहा. तुमच्यासमोर डिस्क ओढायला तो कचरत असेल, तर त्याचाच त्याच्या कामावर भरवसा नाही. (हा खेळ डेटा भरण्याआधी करायचा.) यूपीएसची यूएसबी वायरही नॅसला जोडून घ्या, म्हणजे वळवाच्या दिवसांत लाइट गेली की बॅटरी संपायच्या आत ते स्वतःहून नीट बंद होतं.

दिरांच्या क्लाउडबद्दल. त्यांची भीती रास्त आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ ची. ते पाणी ज्यांनी माळ्यावरून पाहिलं त्यांना ‘सर्व्हर टेबलावर ठेवा’ असं सांगून चालणार नाही. पण रोजचं कामच क्लाउडवर नेलंत तर ती ६०० एमबीची असेंब्ली ५० एमबीपीएसच्या लाइनवरून यायला दीड मिनिट घेईल, आणि एकाच वेळी तिघांनी उघडली तर विचारू नका. पहिल्यांदा सगळं वर चढवायलाही ९ टेराबाइटला साडेसोळा दिवस लागले असते, लाइनला दुसरं काहीही काम नसताना. सव्वादोनला चार दिवस पुरतात. म्हणून क्लाउड घ्या, पण फक्त बॅकअपच्या प्रतीसाठी. नॅसमधूनच रोज रात्री जेवढं बदललं तेवढं वर जाईल.

क्लाउडवर टाकलं म्हणजे सुटलो, असंही नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं; ज्यांची प्रत फक्त तिथेच होती त्यांचा डेटा परत आला नाही. करार करताना दोन प्रश्न लेखी विचारा: सगळा डेटा एकदम परत खाली घ्यायचा झाला तर त्याचे किती पैसे पडतील, आणि बिल थकलं तर किती दिवसांनी पुसाल? डेटा आत घालायला पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला बहुतेक ठिकाणी लागतात. आणि गूगल ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे, असं घरात कुणी म्हणत असेल तर सांगा की इथे डिलीट झालेलं तिथेही डिलीट होतं आणि कचऱ्याची टोपली तीस दिवसांनी रिकामी होते.

कायद्याचंही बघावं लागेल, कारण तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात. कंपन्यांच्या हिशेबाच्या २०१४ च्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवायचा आहे. आधी ‘ठरावीक काळानं’ असं होतं, आता रोज. तुमचा शनिवारचा पेनड्राइव्ह त्यात बसत नाही, आठवण राहिली तरी. त्यामुळे क्लाउड घेताना मुंबई किंवा भारतातला दुसरा प्रदेश सुरुवातीलाच निवडायला सांगा. नंतर बदलणं म्हणजे सगळं पुन्हा चढवणं. वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्या आहेत, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉगही (कोणती नोंद कधी बदलली याचा माग) बंधनकारक आहे. तुमच्या सीएंना एवढंच विचारा की रोजच्या बॅकअपचा पुरावा म्हणून ऑडिटला काय दाखवलेलं चालेल. नॅसचा रोजचा रिपोर्ट मेलवर येत असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये साठवत चला.

आणि आता विट्याची डिस्क. ताई, पत्रातल्या चारही कल्पनांत मला सगळ्यात जास्त ती आवडली. हसणाऱ्यांना २७ जून २०१७ ची गोष्ट सांगा. नॉटपेट्या नावाचा व्हायरस त्या दिवशी मर्स्क या जगातल्या बड्या जहाज कंपनीत शिरला. आपल्याकडे न्हावा-शेवाला त्यांच्या गटाचं जे टर्मिनल आहे तिथलंही काम ठप्प झालं होतं. कंपनीच्या जगभरातल्या दीडशेच्या आसपास सर्व्हरांवर नेटवर्कच्या मुख्य नोंदींच्या प्रती होत्या, एकमेकांशी सतत जुळवून घेणाऱ्या. सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एक. का? तर तिथे त्या वेळी लाइट गेली होती आणि तो बंद होता. घानातल्या इंटरनेट लाइनवरून डेटा पाठवायला दिवस लागले असते, म्हणून माणसाच्या हातून डिस्क विमानानं इंग्लंडला नेली. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला तारलं ते वायर न लावलेल्या एका प्रतीनं.

रॅन्समवेअर नॅसलाही सोडत नाही. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट यांनी थेट इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर धाड घातली होती. तेव्हा ‘घरून बघता येईल’ म्हणून कुणी राउटरमधून पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडायला लागला तर नको म्हणा. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणी. नॅसचे स्नॅपशॉट चालू ठेवा, म्हणजे आज दुपारी बिघडलेली फाइल सकाळच्या रूपात परत मिळते. पण जी डिस्क वायरीला लावलेलीच नाही, तिच्यापर्यंत कोणताही व्हायरस पोचत नाही.

तीन पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, ४ ते ५ टेराबाइटच्या. एक शुक्रवारी नॅसला लावायची, कॉपी झाली की काढून घरी वरच्या मजल्यावर. पुढच्या शुक्रवारी दुसरी. तिसरी महिन्यातून एकदा विट्याला, जाल तेव्हा. कुपवाडला आग लागली तर घरची आहे, सांगलीत पाणी आलं तर कुपवाडची आहे. आणि विट्याला पूर यायची वेळ आली, तर डेटा हा आपला प्रश्न उरलेला नसेल. तिन्ही डिस्क पासवर्डनं एनक्रिप्ट करून घ्या, कारण बसमध्ये राहिली तर गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज दुसऱ्याच्या हाती नकोत. तो पासवर्ड कागदावर लिहून ऑफिसच्या तिजोरीत आणि घरच्या कपाटात ठेवा, त्याच डिस्कवर नको. कपाटात ठेवायच्या डिस्क हार्ड डिस्कच असू द्या. एसएसडीत विजेचा भार साठवून माहिती टिकते. बराच काळ वीज न मिळता, त्यातून उकाड्यात पडून राहिली, तर ती पुसट होऊ शकते.

बॅकअपच्या चुंबकीय टेपचं कुणी सांगेल. माध्यम उत्तम, पण ड्राइव्हच लाखांत जातो. सव्वादोन टेराबाइटसाठी नको. सॅनचं (मोठ्या कंपन्यांत डिस्कांसाठी उभारतात ते वेगळं नेटवर्क) कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा.

बॅकअप घेतला जातो आणि परत मिळतो, या वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, आणि गरजेच्या वेळी एकही धड चालली नाही. नशिबानं कुणीतरी सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत सापडली. तुमच्याकडे दर तिमाहीला असं करा: कालचा टॅली बॅकअप वेगळ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून ट्रायल बॅलन्स जुळतो का पाहा, २०१५-१६ चं एखादं ड्रॉइंग पोर्टेबल डिस्कवरून उघडा, एक सीएनसी प्रोग्रॅम क्लाउडवरून खाली घ्या. आणि हे तुम्ही करू नका. अकाउंटंटला करायला सांगा, तुम्ही शेजारी बसा. तुम्ही गावाला असताना त्याला जमलं पाहिजे.

पैशांचं म्हणाल तर नॅस, दोन डिस्क, एनव्हीआर, तीन पोर्टेबल, नवा स्विच आणि टॅलीचा कॉम्प्युटर हे सगळं मिळूनही सर्व्हरच्या कोटेशनच्या बरंच आत बसायला हवं. उरतील ते ईआरपीसाठी बाजूला ठेवा, म्हणजे मिस्टरही खूश. क्लाउडवाल्याला सव्वादोन टेराबाइटचा, फक्त बॅकअपचा भाव पुन्हा मागा. चौथाईच्या आसपास आला नाही तर दुसरा गाठा.

हे सगळं यायला दोन-तीन आठवडे जातील. तोवर शनिवारची वाट पाहू नका, पत्र वाचून झालं की आजच एक पोर्टेबल डिस्क मागवा आणि सीसीटीव्ही वगळून बाकी सगळं तिच्यावर उतरवून घ्या. आणि नवं बसवायला येणारा माणूस ‘जुना टॉवर लगेच फॉरमॅट करून देतो’ म्हणेल, तेव्हा करू देऊ नका. त्याच्या वायरी काढा, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि मार्चची क्लोजिंग होऊन ऑडिट उरकेपर्यंत तसाच कपाटात राहू द्या.